अनंत (फुलझाड)

अनंत हे रुबिएसी म्हणजेच कदंब कुलातील सदाहरित झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जस्मिनॉइडिस असे आहे. मोठ्या, पांढऱ्याशुभ्र व तीव्र सुगंधी फुलांसाठी ते जगभरातील उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत लावले जाते. ही वनस्पती मूळची चीन, तैवान, जपान व व्हिएतनाम या भागांतील आहे. महाराष्ट्रात ती कोकणातील परसबागांत जुन्या काळापासून आढळते, तर मुंबई व तिच्या उपनगरांत गच्चीवर आणि सज्जातील कुंड्यांत तिची लागवड केली जाते.

अनंताला आम्लधर्मी व निचऱ्याची माती लागते. रोपवाटिकेतून आणलेले हिरवेगार रोप शहरातील घरी आल्यावर काही महिन्यांत पिवळे पडते, कळ्या न उमलताच गळतात आणि पुष्कळदा झाड मरते. यामागे खताची कमतरता क्वचितच असते; माती व पाणी यांतील चुना हे त्याचे नेहमीचे कारण होय.

नावे

मराठीत या झाडाला व फुलाला अनंत म्हणतात. हिंदी व बंगालीत ते गंधराज या नावाने ओळखले जाते. जुन्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांत त्याचा उल्लेख गार्डेनिया फ्लोरिडा किंवा गार्डेनिया ऑगस्टा या नावांनी आढळतो.

नामसाधर्म्यामुळे काही गैरसमज होतात. अनंतमूळ किंवा उपळसरी ही औषधी वेल निराळ्या कुलातील असून तिचा या झाडाशी संबंध नाही. अनंत चतुर्दशीच्या व्रतातील अनंत हे विष्णूचे नाव आहे. ते या झाडावरून आलेले नाही. दुहेरी तगरीचे फूल दुरून अनंतासारखे दिसते, परंतु तगरीचे पान किंवा देठ तोडल्यास पांढरा चीक येतो. अनंताला असा दुधी चीक नसतो.

वर्णन

अनंताचे झुडूप साधारणपणे १ ते २.५ मीटर उंच वाढते. पाने समोरासमोर किंवा तिनाच्या मंडलात येतात. ती लंबगोल, चिवट, गडद हिरवी व चकचकीत असून त्यांवरील शिरा ठळक असतात. दोन पानांच्या देठांमध्ये उपपर्णे असतात. हे कदंब कुलाचे ओळखचिन्ह आहे.

फुले फांद्यांच्या टोकांना एकेकटी येतात. कळी हिरवट असून तिच्या पाकळ्या पिळाप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. फूल उमलताना शुभ्र असते आणि दोन-तीन दिवसांत साय धरल्याप्रमाणे पिवळसर होत जाते. एकेरी फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात. बागेत लावल्या जाणाऱ्या दुहेरी प्रकारांत केसरदलांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असते, त्यामुळे त्यांना सहसा फळ धरत नाही. एकेरी प्रकाराचे फळ अंडाकृती व कंगोरेदार असून पिकल्यावर नारिंगी होते. संवर्ताचे अरुंद खंड फळाच्या टोकाशी टिकून राहतात.

इतिहास

चीनमध्ये या वनस्पतीची लागवड किमान हजार वर्षांपासून होत आहे. सुंग राजवटीच्या काळातील चित्रांत तिची फुले रंगवलेली आढळतात. युरोपात ती अठराव्या शतकाच्या मध्यास पोहोचली. दक्षिण आफ्रिकेतील केपहून आणलेले एक झाड इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉर्नर यांच्या काचगृहात फुलले. त्यावरून ही वनस्पती आफ्रिकेतील व जाईच्या वर्गातील असावी अशी समजूत झाली आणि इंग्रजीत तिला ‘केप जास्मिन’ हे नाव मिळाले. या दोन्ही समजुती चुकीच्या होत्या.

निसर्गतज्ज्ञ जॉन एलिस यांनी १७६१ मध्ये ही स्वतंत्र प्रजाती असल्याचे दाखवले आणि दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील वैद्य व निसर्ग अभ्यासक ॲलेक्झांडर गार्डन यांच्या सन्मानार्थ तिला गार्डेनिया हे नाव दिले. जातिवाचक ‘जस्मिनॉइडिस’ या शब्दाचा अर्थ ‘जाईसारखी’ असा आहे. जुन्या समजुतीची खूण त्या नावात राहिली आहे.

महाराष्ट्रातील स्वजातीय वृक्ष

गार्डेनिया प्रजातीतील काही जाती भारतात निसर्गतः आढळतात. सह्याद्री व विदर्भातील पानझडी वनांत वाढणारी डिकेमाली ही त्यांतील परिचित जाती होय. तिच्या कोंबांच्या टोकांवर पाझरणारी पिवळसर, उग्र वासाची राळ डिकेमाली याच नावाने काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. या रानजाती उन्हाळ्यात पाने झाडून कोरडा काळ सोसतात. अनंत मात्र बारमाही ओल असणाऱ्या प्रदेशातील असल्यामुळे त्याला असा कोरडेपणा सोसत नाही.

अनंत व कॅमेलिया

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत कॅमेलियाचे वर्णन वाचून अनेक हौशी बागप्रेमी ते झाड लावू पाहतात. कॅमेलिया व अनंत ही दोन्ही पूर्व आशियातील सदाहरित झुडपे आहेत. दोघांची पाने चकचकीत, मुळे उथळ व फुले मोठी असतात. दोघांनाही आम्ल माती लागते आणि दोघांत कळ्या गळण्याची तक्रार आढळते. कुळे मात्र भिन्न आहेत. कॅमेलिया चहाच्या कुलातील असून चहाचे झुडूप ही कॅमेलियाचीच एक जाती आहे, तर अनंताच्या कुलात कॉफीचा समावेश होतो.

शोभेच्या कॅमेलिया जॅपोनिकाला थंड हिवाळा आवश्यक असतो. भारतात ते दार्जिलिंग, कालिंपाँग व निलगिरी यांसारख्या डोंगराळ भागांत फुलते. मुंबईच्या हवेत तशी थंडी मिळत नसल्याने तेथे कॅमेलिया समाधानकारकपणे फुलत नाही. कॅमेलियासारखे पर्णसौंदर्य व पांढरे दुहेरी फूल हवे असल्यास सागरी हवेच्या प्रदेशात अनंत हा अधिक व्यवहार्य पर्याय ठरतो. कॅमेलियाच्या लागवडीचे मातीविषयक बहुतेक नियम अनंतालाही लागू पडतात.

पवई व मुंबई उपनगरांतील परिस्थिती

पवई हा परिसर मुंबईच्या पूर्व उपनगरांत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी वसला आहे. येथील तलाव १८९१ च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला, परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. १९५८ मध्ये येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उंच निवासी इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या.

अनंताच्या दृष्टीने या परिसराच्या काही गोष्टी अनुकूल आहेत. हवेत वर्षातील बराच काळ आर्द्रता असते, धुके-दहिवर किंवा कडाक्याची थंडी नसते आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाचे पाणी किंचित आम्ल असून त्यात चुना नसतो.

प्रतिकूल गोष्टी प्रामुख्याने मानवनिर्मित आहेत. इमारतींभोवतीच्या वाफ्यांत मातीखाली बहुधा मुरूम व बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो. त्यातील सिमेंट, गिलावा व चुना यांमुळे माती अल्कधर्मी होते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी अनेकदा जड असते. असे पाणी सतत दिल्यास सुरुवातीला चांगली असलेली मातीही हळूहळू बिघडते. उंच मजल्यांवरील वारा कुंडीतील माती लवकर सुकवतो आणि पश्चिमेकडील सज्जात एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे ऊन भिंत व फरशी यांवरून परावर्तित होऊन पाने करपवते.

तापमान हा आणखी एक घटक आहे. काचगृहांतील लागवडीत रात्रीचे तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस असताना कळ्या चांगल्या धरतात आणि रात्री २१ अंशांहून उष्ण राहिल्यास त्या गळू लागतात, असे आढळते. सांताक्रूझ येथे जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश असते, पण मे महिन्यात रात्रीही ते २५ अंशांच्या वर राहते. त्यामुळे मुंबईत अनंताला पुण्यासारख्या थंड रात्रींच्या गावांइतका बहर येईलच असे नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या पूर्वार्धापर्यंतचा काळ हा येथील मुख्य बहर होय.

लागवड

माती

अनंतासाठी मातीचा सामू ५ ते ६.५ या दरम्यान असावा. मुंबईतील रोपवाटिकांत पोत्यांतून विकली जाणारी कोकणातील लाल माती जांभ्यापासून बनलेली व सर्वसाधारणपणे किंचित आम्ल असते. ती नुसती वापरल्यास कुंडीत घट्ट बसते, म्हणून तिच्यात सेंद्रिय द्रव्य मिसळणे आवश्यक ठरते. कुंडीसाठी दोन भाग लाल माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा किंवा धुतलेले कोकोपीट, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड नदीची वाळू असे मिश्रण उपयुक्त असते. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत मीठ व शिंपल्यांचा चुरा असल्याने ती वापरू नये.

मातीत चुना आहे का, हे ढोबळपणे पाहण्यासाठी सुक्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन फसफसल्यास तीत चुनखडी किंवा सिमेंटचा अंश आहे असे समजावे. अशा वाफ्यात अनंत लावण्याऐवजी तो कुंडीत लावणे श्रेयस्कर असते.

घरगुती बागेत सर्रास वापरले जाणारे काही पदार्थ अनंताला अपायकारक ठरतात. अंड्यांची टरफले, लाकडाची राख, हाडांचा चुरा व चुना या सर्वांमुळे मातीतील कॅल्शियम वाढते वा आम्लता घटते. गुलाबासाठी तयार केलेले खतमिश्रण अनंताला घालण्यापूर्वी त्यात हे पदार्थ नाहीत याची खात्री करावी.

कुंडी व जागा

प्रौढ झाडासाठी ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची, तळाला पुरेशी भोके असलेली कुंडी लागते. सिमेंटच्या नव्या कुंडीतून चुना पाझरतो, म्हणून मातीची किंवा प्लॅस्टिकची कुंडी अधिक योग्य असते. झाडाला सकाळचे चार-पाच तास ऊन व दुपारनंतर सावली मिळावी. उंच इमारतींत पूर्वेकडील सज्जा सर्वांत सोयीचा असतो. पूर्ण सावलीत झाड जगते व पानेही हिरवी राहतात, परंतु फुले फारच थोडी येतात.

रोप लावताना खोडाचा मातीलगतचा भाग पिशवीत होता त्याच पातळीवर ठेवावा; तो खोल गाडल्यास कुजतो. मुळे उथळ असल्याने खुरपणी टाळावी आणि मातीवर सुक्या पानांचे किंवा नारळाच्या काथ्याचे आच्छादन घालावे.

पाणी

माती कायम ओलसर असावी, पण चिखल होऊ नये. वरचा साधारण दोन सेंटिमीटरचा थर सुकल्यावर पाणी द्यावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास त्यातील क्लोरीन काही प्रमाणात निघून जातो. विरघळलेला चुना मात्र तसाच राहतो. ज्या इमारतींत कूपनलिकेचे पाणी वापरले जाते तेथे पावसाचे पाणी पिंपात साठवून ते अनंतासाठी राखून ठेवणे हा उत्तम उपाय होय. पिंप घट्ट झाकलेले असावे.

पावसाळ्यात कुंडीखालील ताटल्या काढून ठेवाव्यात. त्यांत साचलेल्या पाण्यामुळे मुळे कुजतात, तसेच डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होते. ताटल्या ठेवणे भागच असल्यास आठवड्यातून किमान एकदा त्या कोरड्या करून घासाव्यात.

खत

वाढीच्या काळात महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरते. रासायनिक खत द्यायचे झाल्यास अमोनियम सल्फेट हे माती आम्ल ठेवणारे खत आहे. ३० सेंटिमीटरच्या कुंडीला दीड-दोन महिन्यांतून एकदा अर्धा चहाचा चमचा एवढेच ते द्यावे, आणि तेही ओल्या मातीत. झाड पिवळे दिसताच खताची मात्रा वाढवण्याकडे कल असतो. परंतु मुळे दुर्बल असताना दिलेले जादा खत झाड मरण्यास कारणीभूत होते.

चहाचा धुतलेला चोथा कंपोस्टमध्ये मिसळल्यास सेंद्रिय द्रव्य म्हणून उपयोगी पडतो. त्याने माती लक्षणीय आम्ल होते ही समजूत मात्र विश्वासार्ह नाही. दूध-साखरेसह टाकलेल्या चोथ्यामुळे बुरशी व मुंग्या येतात.

छाटणी

बहर संपताच, साधारणपणे ऑगस्टमध्ये, हलकी छाटणी करावी. पुढील कळ्या नव्या फांद्यांच्या टोकांना येत असल्याने हिवाळ्यात किंवा त्यानंतर केलेल्या छाटणीत त्या हंगामाची फुले नष्ट होतात. सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडावीत.

अभिवृद्धी

दुहेरी प्रकारांना बी धरत नसल्याने त्यांची अभिवृद्धी छाट कलम किंवा गुटी कलम पद्धतीने करतात. पावसाळ्यात १० ते १५ सेंटिमीटर लांबीच्या निमजून फांद्यांचे तुकडे घेऊन खालची पाने काढतात व ते ओलसर वाळू आणि कोकोपीट यांच्या मिश्रणात सावलीत लावतात. वर पारदर्शक पिशवीचे आच्छादन घातल्यास आर्द्रता टिकते. साधारण पाच ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात.

नेहमीचे दोष व त्यांची कारणे

पाने पिवळी पडणे

पिवळेपणा कोणत्या पानांवर व कशा स्वरूपात आहे यावरून कारण ओळखता येते.

• कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या: हे लोहाच्या अभावाचे लक्षण आहे. बहुतेक वेळा मातीत लोह असते, परंतु माती अल्कधर्मी झाल्याने मुळांना ते शोषता येत नाही.
• जुन्या पानांच्या कडा व शिरांमधील भाग पिवळा: मॅग्नेशियमची उणीव संभवते.
• सर्वच पाने फिकट, झाड मलूल आणि माती ओली: मुळे कुजत असण्याची शक्यता असते.
• आतल्या बाजूची मोजकी जुनी पाने पिवळी होऊन गळणे: ही सदाहरित झाडातील नैसर्गिक पानगळ असून उपचाराची गरज नसते.

लोहाच्या अभावावर लोहाचे चिलेट, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात, सर्वांत परिणामकारक असते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट हा स्वस्त पर्याय आहे. लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम विरघळवून ते ताजेच मातीत घालतात. फरशीवर त्याचे तांबूस डाग पडतात. हे दोन्ही तात्पुरते उपाय आहेत. चुनायुक्त पाणी व माती तशीच राहिल्यास दोष परत उद्भवतो. म्हणून पुन्हा पुन्हा पिवळ्या पडणाऱ्या झाडाची माती बदलणे हाच खरा उपाय ठरतो. कुंडी बदलताना मुळांभोवतीचा गोळा फोडू नये, फक्त कडेची जुनी माती हलक्या हाताने झाडावी.

कळ्या गळणे

कुंडीची जागा बदलणे, पाणी कधी फार तर कधी अजिबात नसणे, उष्ण रात्री, कोरडा वारा व वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागातून येणारी गरम हवा यांमुळे कळ्या गळतात. कळ्यांनी भरलेले रोप बाजारातून आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कळ्या गळणे स्वाभाविक असते. त्यावरून झाड खराब आहे असा निष्कर्ष काढू नये.

कीड

पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड व पांढरी माशी या रसशोषक किडी अनंतावर आढळतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून पाने काजळल्यासारखी दिसतात. सौम्य साबणाच्या पाण्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे किंवा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करणे पुरेसे असते. मुंग्यांचा वावर दिसल्यास तोही थांबवावा, कारण मावा व पिठ्या ढेकूण यांना मुंग्या संरक्षण देतात.

पाने एका-दोन दिवसांत कुरतडून फस्त होत असतील तर सेफोनोडीस हायलस या पतंगाची अळी शोधावी. ती हिरवी असून शेवटाला शिंगासारखे टोक असते. तिचा प्रौढ पतंग दिवसा उडतो, त्याचे पंख पारदर्शक असतात आणि फुलांपुढे तरंगताना तो भुंग्यासारखा भासतो. त्याच्या अळ्या कदंब कुलातील वनस्पतींवर वाढतात. त्या हाताने वेचून दूर करता येतात. सशक्त झाडाला नवी पालवी फुटते.

उपयोग

फुले केसांत माळण्यासाठी, देवपूजेसाठी व फुलदाणीत ठेवण्यासाठी वापरली जातात. पाकळी हाताळल्यास तपकिरी डाग पडत असल्याने फूल देठासह सकाळी खुडतात. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात या फुलांचा अर्क काढणे किफायतशीर नसल्याने अनंताचा वास बहुधा अन्य घटकांपासून तयार करतात.

एकेरी जातीच्या फळांत क्रोसिन हे पिवळे रंगद्रव्य असते. केशराचा रंगही याच द्रव्यामुळे येतो. जपानमध्ये मुळ्याचे लोणचे व अन्य पदार्थ रंगवण्यासाठी ही फळे वापरतात, तर पारंपरिक चिनी वैद्यकात ती औषध म्हणून वापरली जातात. फळातील जेनिपोसाइडपासून मिळणारे जेनिपिन अमिनो आम्लांशी संयोग पावून निळा रंग देते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२५ मध्ये या निळ्या रंगाला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली.

कुत्रा किंवा मांजर यांनी झाडाचे भाग खाल्ल्यास उलटी व जुलाब होण्याचा संभव असतो. त्यामुळे घरात पाळीव प्राणी असल्यास कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

हे सुद्धा पहा

कॅमेलिया
चहा
तगर
डिकेमाली
कदंब
पवई तलाव
परसबाग